स्वतःहून खाली येणारी जाळी

वकिलाच्या ऑफिसात माझ्या उजव्या हाताचे फोटो काढले. आधी तळवा वर करून, मग पालथा, मग मूठ मिटून. मूठ मिटत नाही म्हटल्यावर फोटोग्राफर म्हणाला, "जेवढी मिटते तेवढी मिटा, मावशी." तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नाही, त्याच्या शेजारचं अर्धं आहे. जे उरलंय ते मिटवलं. वकील एकदम खूश. "वा, हातच्या कांकणाला आरसा कशाला!" म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

मी म्हटलं, "कांकण मी डाव्या हातात घालते. आरसा असला तर द्या."

"आई, प्लीज," माझा मुलगा म्हणाला. त्याच्या अपिलाचं काम होतं ना, म्हणून त्याला माझं तोंड बंद हवं होतं. हात तेवढा उघडा हवा होता.

आता हे प्रकरण काय ते सांगते, म्हणजे आमच्या घरची अक्कल तुमच्या लक्षात येईल.

आमचा बाइंडिंगचा कारखाना. वह्या, पावतीपुस्तकं, मिळेल ते. कागद कापायचं मशीन असतं, त्याला हातभर रुंद पातं. थप्पी ठोकून सरळ करायची, पात्याखाली सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, पातं खाली. पात्यापुढे माणसाचा हात राहू नये म्हणून आमच्या ह्यांनी तरुणपणी एक जाळी काढली. दोन बाजूंना दोन खाचा, त्यांत वर-खाली सरकणारी तारेची जाळी, जाळीला वजन. पेडल दाबलं की खटका सुटायचा, जाळी वजनाने खाली यायची, आणि तिच्यामागून पातं. ह्यांनी तिचं पेटंट काढलं. तेव्हा आमच्या घरात जेवायला बसलं तरी पेटंट, झोपायला गेलं तरी पेटंट. घरी पाव्हणा आला की चहाच्या आधी जाळी.

रोज सकाळी कारखाना उघडला की हे पहिलं काम काय करायचे, तर रॉकेलमध्ये टूथब्रश बुडवून त्या दोन्ही खाचा घासायचे. गिऱ्हाईक यायच्या आत, कामगार यायच्या आत. मला वाटायचं, बघा, केवढा जीव आहे मशीनवर! माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नाही ह्या माणसाने.

एक दिवस हे जाळी दाखवायला परगावी गेले. इकडे वह्यांची मोठी ऑर्डर संध्याकाळी जायची होती. मशीनवर मी बसले. सकाळपासून कापत होते. दुपारी थप्पी सरकवली, पेडल दाबलं, आणि जाळी आली नाही. पातं आलं.

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा ह्यांचं पहिलं वाक्य, "जाळी स्वतःहून खाली येते. तूच काहीतरी केलं असणार." काय केलं असणार ते दोन दिवसांनी ह्यांनी शोधून काढलं. मी म्हणे काम पटापट व्हावं म्हणून जाळी वर सुतळीने बांधून ठेवली होती. बांधतात तशी माणसं, घाईत असली की. खोटं नाही. पण मी बांधली नव्हती. सांगितलं, रडून सांगितलं, ओरडून सांगितलं. ऐकणार कोण? माझ्या नणंदेने, ह्यांच्या थोरल्या बहिणीने, ती सुतळी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यासारखी गावभर केली. "हिची घाई हिला नडली. माझ्या भावाची जाळी चांगली होती." लग्न असो, बारसं असो, मी डाव्या हाताने वाढायला लागले की कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बोटं गेल्याचं एक वेळ सोसलं मी. पण आपला हात आपण आपल्या मूर्खपणाने घालवला असं जन्मभर ऐकून घ्यायचं, आणि ज्याला खरं माहीत आहे त्याने समोर बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं, हे नाही सोसलं.

मला एकच हवं होतं. त्या दिवशी जाळी आली नाही, हे कुणीतरी बोलावं. दुसरं काही नको.

मुलगा मोठा झाला, इंजिनिअर झाला आणि त्यानेही जाळीच काढली. रक्तातच आहे, करणार काय! पण त्याच्या जाळीत खरी अक्कल होती. पात्याला एक कुलूप, आणि जाळी पूर्ण खाली टेकली की एक दांडा ते कुलूप उघडणार, एरवी ते उघडतच नाही. जाळी अडली की पातंही अडलं. पहिल्यांदा चालवून दाखवलं तेव्हा मला बाजूला उभं करून म्हणाला, "बघ आई, आता तुझ्यासारख्या वेंधळ्या माणसाचा हातसुद्धा जाणार नाही." त्याला वाटलं, लाडाने बोलला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळीचा आवाज होत नाही फारसा.

मग त्यानेही पेटंट काढलं. पेटंटाच्या शेवटी दावा लिहितात. एवढ्या एवढ्या गोष्टीवर माझा हक्क, बाकीच्यांनी पाऊल टाकायचं नाही. थोडक्यात जमिनीचं कुंपण. वकील म्हणत होता, दांडा आणि कुलूप दाव्यात लिहू. हा म्हणाला, "दांडा लिहिला की उद्या कुणी दांड्याच्या जागी साखळी लावेल आणि माझ्या नाकावर टिच्चून विकेल. कुंपण मोठं घाला." म्हणून दावा लिहिला तो असा: पातं हलण्याआधी, चालवणाऱ्याचा हात न लागता, स्वतःहून खाली येणारी जाळी. झालं. एवढंच. दांडा नाही, कुलूप नाही, ज्यात अक्कल होती ते काहीच नाही.

आणि खरोखरच एका बड्या कंपनीने साखळी लावून तीच जाळी बाजारात आणली. हा धावला कोर्टात. कंपनी काय गप्प बसते? त्यांच्या माणसांनी जुनी कपाटं उपसली आणि त्यांतून बरोब्बर काय काढलं? आमच्या ह्यांचं पेटंट. त्यात अगदी डौलात लिहिलेलं, 'जाळी स्वतःहून खाली येते.' मग नवीन काय शोधलंत म्हणे तुम्ही? हे तर तुमच्या वडिलांनीच शोधून ठेवलंय! आपलेच दात, आपलेच ओठ.

ह्यांचं पेटंट त्यांनी पेटंट ऑफिसात नेलं आणि तिथल्या खालच्या अधिकाऱ्याने पोराचं रद्द केलं. करण्याआधी त्याने भल्या मनाने विचारलं होतं की दाव्यात दांडा घालून घेता का? तेव्हा आमच्या चिरंजिवांनी नाकाने कांदे सोलले. एक इंचही कुंपण आत घेणार नाही म्हणाला. आता अपिलात नवा शब्द घालायची सोय राहिली नव्हती. आहेत त्या शब्दांचा अर्थ काय, एवढंच भांडायचं उरलं.

वकिलाने अर्थ काढला. स्वतःहून म्हणजे दर वेळी, न चुकता, भरवशाने. जी जाळी कधी येते, कधी येत नाही, ती स्वतःहून येणारी जाळीच नव्हे. वडिलांची जाळी अडकायची. कागदावर काही लिहिलेलं असो, तशी जाळी बनवून ती चालली नाही. पुरावा? मावशींचा हात.

"पण हे वडिलांनी सांगावं लागेल," वकील म्हणाला. "जाळी त्यांची. त्यांच्याइतकं वजन दुसऱ्या कुणाच्या शब्दाला नाही."

त्या रात्री जेवताना मुलाने बापाला विचारलं. सून ताटावरून हात काढून बसली होती. हे घास चावत राहिले.

"म्हणजे माझी जाळी नापास होती असं मी लोकांसमोर सांगायचं," हे म्हणाले.

"बाबा, माझं सगळं यावर आहे."

"बघू."

मी पोळ्या करत होते. लाटणं हातातून निसटलं. माझ्या हातातून काही ना काही रोजच निसटतं, म्हणून कुणी वर बघितलं नाही. मी मात्र मनात म्हटलं, बाई गं, तुझ्यासाठी नाही तर नाही, पोरासाठी तरी हा माणूस बोलेल. उसना न्याय तर उसना. मी घेईन.

सुनावणीची खोली मोठी, थंड, गालिचा घातलेली. उंचावर तिघं बसलेले, मधले अध्यक्ष, चष्मा कपाळावर सारलेला. एका टेबलावर दोन जाळ्या मांडल्या होत्या, ह्यांची गंजकी आणि पोराची चकचकीत. बाजूला पुठ्ठ्यावर माझा हात, परातीएवढा मोठा केलेला. त्याला आकडा दिला होता. पुरावा म्हणून मी कितवी तरी होते. समोरच्या कंपनीची वकील एक बाई होती, पोराच्याच वयाची, आवाज असा मऊ की लोण्याने लाजावं.

ह्यांना बोलावलं. शपथ झाली. आमच्या वकिलाने विचारलं, "तुमची जाळी दर वेळी खाली यायची का?"

"नाही," हे म्हणाले.

एवढी वर्षं मी ज्या शब्दासाठी देवाला छळलं तो शब्द हा माणूस असा बोलला, जसं कुणी विचारावं, चहात साखर घालू का.

"का येत नसे?"

"खाचांत कागदाचा भुसा बसतो. तेलात मिसळून त्याचा चिकटा होतो. मी रोज सकाळी रॉकेलने घासायचो. एखाद दिवशी राहिलं की दुपारपर्यंत जाळी अडायची."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"ज्या दिवशी तुमच्या पत्नीला अपघात झाला, त्या दिवशी खाचा घासल्या होत्या?"

"नाही. मी परगावी होतो."

वरून अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ते स्वतःच बोलले, "पत्नीला याची कल्पना दिली होती का?"

"नाही," हे म्हणाले. "दिली असती तर ती मशीनवर बसली नसती. ऑर्डर जायची होती."

माझ्याकडे बघितलं नाही. जागेवर येऊन बसले, खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. मुलाने त्यांचा हात दाबला. त्यांचा! सून पुटपुटली, "बाबा, थँक यू." मी मध्ये बसलेली, बापलेकांच्या मधोमध. माझ्या अंगावरून हात पलीकडे घालून एकमेकांचे हात दाबत होते.

मला ओरडायचं होतं. ह्यांच्या तोंडावर थुंकायचं होतं, सगळ्यांदेखत. पण तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आमच्या वकिलाने मला आधीच पढवून ठेवलं होतं. म्हणायचं, जाळी कधीच धड चालली नाही, आम्ही हाताने ओढायचो. "एवढंच म्हणा मावशी, बाकी हात बोलेल." मी त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं, की त्या दिवशी जाळी आली नाही. मी बांधली नव्हती. सुतळी नव्हती. सुतळीबद्दल कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. दोनदा सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, नोंद केली." काय सांगू, किती हलकं वाटलं. नोंद केली!

मग ती लोण्यासारखी बाई उठली.

"तुमच्या हाताचं ऐकून फार वाईट वाटलं," म्हणाली. तिला खरंच वाटलं असेल. "त्या दिवशी सकाळीही तुम्हीच मशीनवर होतात?"

"हो."

"सकाळी जाळी खाली येत होती?"

मी आमच्या वकिलाकडे बघितलं. तो डोळ्यांनी नाही, नाही म्हणत होता. मुलगा खुर्चीच्या टोकावर आला होता. आणि हे, आमचे हे, छताकडे बघत होते.

मला घरात खोटारडी म्हणतात. माझ्या हाताबद्दल मी खोटं बोलते म्हणतात. आणि ज्या दिवशी माझं खरं पहिल्यांदा कागदावर चढलं, त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून मी खोटं बोलू? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

"येत होती," मी म्हटलं.

"आदल्या दिवशी?"

"येत होती."

"तुम्ही हात लावायचात?"

"नाही."

"म्हणजे स्वतःहून यायची."

"हो. स्वतःहून. पण त्या दुपारी नाही आली."

"धन्यवाद," बाई म्हणाली आणि इतक्या पटकन खाली बसली की मला वाटलं, हिला चक्कर आली.

आमच्या वकिलाने कागद गोळा करायला सुरुवात केली होती.

निकाल महिन्याभराने आला. मुलगा तो उभ्याउभ्याच वाचत होता, मग खाली बसला. अध्यक्षांनी लिहिलं होतं, दाव्यात दर वेळी असे शब्द नाहीत. अर्जदाराला ते घालायची संधी होती, त्याने घातले नाहीत. जे शब्द स्वतःच मोठे ठेवले ते आता अडचण आली म्हणून लहान करून वाचता येणार नाहीत. रोजच्या वापरात हात न लावता खाली येणारी जाळी एखाद्या वेळी अडकली, तरी ती स्वतःहून खाली येणारी जाळीच. आणि जुनी जाळी तशी होती हे अर्जदाराच्या आईच्या प्रामाणिक साक्षीवरून सिद्ध होतं. माझ्या हाताबद्दल एक ओळ होती. 'एक दुर्दैवी घटना वगळता.'

अपील फेटाळलं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

मुलगा माझ्याशी बोलायचा थांबला. भांडला असता तर बरं झालं असतं. मी वाढलं तर जेवायचा, विचारलं तर हुं म्हणायचा. सून मध्ये पडायला बघायची, मग तीही कंटाळली. कंपनी साखळीच्या जाळ्या विकत राहिली आणि पोराने चकचकीत जाळी पोत्यात घालून कारखान्याच्या माळ्यावर टाकली.

आणि आमचे हे? ह्यांना पालवी फुटली. निकालाचं ते पान ह्यांनी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलं. तीन न्यायाधीश बसून ठरवून गेले होते की ह्यांची जाळी स्वतःहून खाली येत होती, आणि तीही कुणाच्याही आधी! म्हातारपणी असं सर्टिफिकेट कुणाला मिळतं?

रविवारी नणंदबाई आल्या. हॉलमध्ये सगळे होते, मुलगाही, खुर्चीत खाली मान घालून. ह्यांनी चष्मा लावला आणि बहिणीला ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. 'एखाद्या वेळी अडकली तरी' एवढं गाळलं. मी ऐकत होते, बरोब्बर गाळलं.

"म्हणजे जाळी चांगलीच होती की!" वन्सं म्हणाल्या. "मी काय वेगळं सांगत होते इतकी वर्षं? आणि हे हिनेच सांगितलं म्हणतोस? स्वतःच्या तोंडाने?"

"तिनेच," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. हातातला ट्रे मी टेबलावर आपटला. "वन्सं, मी काय सांगितलं ते ऐकलंत, आता ह्यांनी काय सांगितलं तेही विचारा. शपथेवर सांगितलंय. जाळी अडायची. पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मला सांगितलं नाही, कारण मी मशीनवर बसले नसते. विचारा ना! हा इथे बसलाय, ह्याने ऐकलंय. विचारा!"

वन्संनी भावाकडे बघितलं. मुलाने मान वर केली नाही.

ह्यांनी पानाची घडी घातली, सावकाश, खिशात ठेवली.

"ते होय," हे म्हणाले. "ते पोरासाठी बोललो होतो. वकिलाने सांगितलं, बाबा असं असं म्हणा, म्हणालो. बापाला करावं लागतं. एवढ्या वर्षांची इज्जत होती माझी, ती ठेवली त्याच्यासाठी पायाखाली."

"खोटं!" मी ओरडले. "तिथे खरं बोललात! आत्ता खोटं बोलताय!"

"बघितलंस?" हे बहिणीला म्हणाले. "अजून तेच."

वन्संचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले, उठून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. असा बाप मिळायला भाग्य लागतं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि खरंच सांगते, त्या रागावल्या नव्हत्या, अगदी समजुतीने विचारत होत्या.

"आणि तू गं? आई ना तू? तुला पोरासाठी एवढंसं खोटं बोलवलं नाही?"

तेव्हा मुलाने मान वर केली आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्यालाही तेच विचारायचं होतं.